चंदन, क्रमांक ४१२

"पानं बघून झाड कुणीबी वळखतं. पानं गेल्यावर वळखणारा एखादाच ऱ्हातो, अन् त्याला कुणी चहा इचारत नाय."

हे रहीमचाचा एकदा म्हणाले होते, तेही चहा पिता पिता. चहा त्यांनीच मागवला होता.

चाचा मूळचे वैजापूरचे. सोळाव्या वर्षी शहरात आले, जुन्या मोंढ्याच्या बाजारामागच्या एका लाकडाच्या वखारीत आरा मशीनसमोर उभे राहिले आणि पुढची सेहेचाळीस वर्षं उभेच राहिले. मशीननं त्यांचा डावा कान कायमचा ठेवून घेतला. उजवा दिला, कारण मालकाच्या शिव्या ऐकायला एक पुरतो.

वखारीत झाड येतं तेव्हा त्याला पानं नसतात, फुलं नसतात. व्यापारी म्हणेल ते त्याचं नाव. व्यापारी साधारणपणे 'सागवान' म्हणतो. चाचा काही म्हणायचे नाहीत. सालीवर अंगठा फिरवायचे, कडेचा पातळसा काप काढायचे, त्यावर पाणी शिंपडून हुंगायचे, नखानं ओरखडा काढायचे आणि शेवटी एक ढलपी तोंडात धरून डोळे मिटायचे. हमाल म्हणायचे, "गप ऱ्हावा रे, चाचा नाश्ता करायलेत." नाश्ता संपला की नाव यायचं. बहुतेक वेळा ते सागवान नसायचं.

नुसत्या लाकडावरून ते नाव सांगत नसत. साल पाहिजेच. "लाकूड नवरा, साल बायको," ते म्हणायचे. "दोघांची जबानी अलग अलग घ्यायची. मग खरं काय ते निघतं."

आणि कळलं नाही तर 'माहीत नाय' म्हणायचे. सेहेचाळीस वर्षांत असं अकरा वेळा झालं. त्या अकरा लाकडांचे तुकडे त्यांनी पत्र्याच्या पेटीत सांभाळून ठेवले आहेत. त्यांची बायको जाहेदा जिवंत होती तोवर म्हणायची, "लोकांच्या पेटीत दागिने असतात. आमच्या पेटीत अकरा पाहुणे, एकाचंही नाव माहीत नाही."

पाच वर्षांपूर्वी वखार बंद झाली. तिथं आता मंगल कार्यालय आहे, लाकूड फक्त खुर्च्यांच्या रंगात उरलंय. चाचा तेव्हापासून पुतण्याच्या, फरहानच्या, क्रांती चौकाजवळच्या प्लायवुडच्या दुकानात बसतात. फरहान सनमायका विकतो. म्हणजे दाबलेला कागद, आणि त्यावर चिकटवलेला सागवानाचा फोटो. प्रत्येक फोटोला भारदस्त नाव असतं. चाचांनी पहिल्याच दिवशी एक पत्रा उचलून हुंगला आणि पुतण्याला विचारलं, "क्या रे फरहान, लकडी बेच रहा की लकडी का फोटू?"

"चाचा, आजकल फोटूच चलता है," फरहान म्हणाला. तो व्यवहारी माणूस आहे.

दुसऱ्या महिन्यात एक डॉक्टर आजोबांच्या शिसवी पलंगाचा पाय घेऊन आले. त्याला जुळणारं कपाट हवं होतं. चाचांनी पाय उलटा केला, खालची न रंगवलेली बाजू खरवडली आणि म्हणाले, "बाभूळ हाय साहेब. पक्की हाय, अजून शंभर वर्सं जाईल." शंभर वर्षांचं आश्वासन डॉक्टरांना ऐकू आलं नाही. ते पाय उचलून गेले. त्या दिवसापासून चाचांची खुर्ची दुकानाच्या मागच्या बाजूला, फेव्हिकॉलच्या डब्यांशेजारी गेली.

तिथंच त्यांना यंदा जानेवारीत आवडाबाई भेटायला आली. हातात खताची रिकामी पिशवी, पिशवीत लाकडाचा तुकडा.

आवडाबाई म्हणजे कडूबाची बायको. कडूबा लासूर स्टेशनचा. चाचांच्या वखारीत पंधरा वर्षं ओंडके उचलायचा. वखार गेल्यावर तो बीड बायपासच्या आतल्या एका सोसायटीत वॉचमन झाला. सोसायटीचं नाव श्रीनिकेत हाइट्स. गेटाशेजारी वॉचमनला पत्र्याची एक खोली मिळते, त्या खोलीत कडूबा, आवडाबाई आणि दहावीतली त्यांची मुलगी तनुजा राहतात. आवडाबाई सोसायटीतल्याच चार घरांत धुणंभांडी करते.

"चाचा, हे कशाचं लाकूड हाय ते सांगा," ती म्हणाली. "चंदन निघालं तर आमी गेलो."

मग तिनं सगळं सांगितलं. ते असं होतं.

श्रीनिकेत हाइट्सच्या कोपऱ्यात एक उंच झाड होतं. सोसायटीच्या आधीपासूनचं. ताबा देण्याच्या समारंभाला अडचण नको म्हणून बिल्डरनं ते दोन-तीन जाड फांद्या ठेवून छाटलं, आणि रहिवाशांना निसर्गाची आवड असल्यामुळं त्याच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. झाडाला पुन्हा पान फुटलं नाही. जिवंतपणी ते कुणी नीट पाहिलं नव्हतं, त्यामुळं मेल्यावर चुकल्यासारखंही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी झाडं मोजणाऱ्या एका ठेकेदाराची माणसं आली. संध्याकाळ झाली होती, त्यांना अजून तीन गल्ल्या उरकायच्या होत्या. त्यांनी वाळक्या खोडावर पत्र्याची पाटी ठोकली: चंदन, क्रमांक ४१२. शेजारच्या विजेच्या खांबावर पाटी ठोकली नाही, हेच विशेष.

पाटीवर लिहिलेलं मानायची या शहराला जुनी सवय आहे. आठवड्यात सोसायटीत बातमी पसरली, की आपल्याकडं चंदन आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत 'आवारात चंदनवृक्ष' आलं. बी विंगचं नाव 'चंदन विंग' झालं. संक्रांतीला बायकांनी खोडाला हळदकुंकू वाहिलं. कित्येकांना पहाटे फिरताना सुगंध येऊ लागला. सेक्रेटरी अतुल वाकळे यांना तर लिफ्टमध्येही यायचा. त्यांनी एका संस्थेच्या 'हरित सोसायटी' पुरस्कारासाठी अर्ज केला. अर्जात हिरवी अशी फक्त शाईच होती, पण क्रमांक ४१२ चं वर्णन दीड पान होतं.

मग दिवाळीनंतर त्याच झाडाची एक फांदी अतुल वाकळ्यांच्या नव्या गाडीच्या बोनेटवर पडली. वाकळे साहेब खाली आले, बोनेट पाहिलं आणि कडूबाला म्हणाले, "तोडून टाक रे ते एकदाचं." कडूबानं तोडलं. लाकूड महिनाभर तीन विटांच्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याला लावलं.

डिसेंबरच्या शेवटी संस्थेचं पत्र आलं. पहिली फेरी पार पडली होती. समिती चंदन बघायला येणार होती.

"आता साहेब म्हनत्यात, मी सांगितलंच नाय," आवडाबाई म्हणाली. "चंदन चोरून तोडलं म्हनून पोलिसात देनार. येत्या रविवारी मिटिंग हाय."

चाचांनी तुकडा हातात घेऊन तोलला. नखानं दाबला. मग पिशवीत पुन्हा टाकला.

"साल कुठाय?"

"साल चुलीत गेली वो."

"जळताना कसं जळायचं?"

"कागदावानी. भुर्रकन. लई घालावं लागायचं, पानी काय तापंना."

चाचा पहिल्यांदा हसले. "बारकं खोड शिल्लक हाय का काही? सालीसकट?"

होतं. एक हातभर ओंडका सेक्रेटरींनी पुरावा म्हणून जप्त केला होता.

"मग रविवारी येतो. पन कडूबाला सांग, मी जे निघंल तेच सांगनार. चंदन निघालं तर चंदन सांगंन."

"माहीत हाय," आवडाबाई म्हणाली. "म्हनून तर तुमच्याकडं आले."

रविवारी सकाळी दहा वाजता फरहाननं चाचांना मोटारसायकलवरून गेटाशी सोडलं आणि तो दुकानाकडं वळला. चाचांच्या हातात करवत होती. गेटावर कडूबानं त्यांच्यापुढं रजिस्टर धरलं. नियम म्हणजे नियम. नाव, कुणाकडं, कामाचं स्वरूप, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही.

"कुनाकडं लिहू, चाचा?" कडूबानं खालच्या आवाजात विचारलं.

"लिही, मयताकडं."

कडूबानं 'मिटिंग' लिहिलं.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पंचवीसेक सभासद होते. मधल्या टेबलावर सॅटिनचं कापड, त्यावर ओंडका, ओंडक्याला झेंडूचा हार, बाजूला उदबत्ती. चोरीच्या मुद्देमालाची इतकी शोभा कोणत्याही पोलिस ठाण्यात झाली नसती. चाचांना पहिली खुर्ची मिळाली आणि चांगल्या कपात चहाही मिळाला. सगळ्यांची खात्री होती, की कडूबानं बोलावलेला असला तरी जाणकार माणूस चंदनच म्हणेल. जाणकाराला बोलवायचं ते त्यासाठीच.

"रहीम साहेब, वास तर तुम्हाला आलाच असेल," वाकळे म्हणाले.

"आला ना. आधी ही उदबत्ती इझवा."

उदबत्ती विझवली. वास गेला. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, पण फार वेळ नाही.

मोनिका वाकळे, म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नी, म्हणाल्या, "मी सहाणेवर स्वतः उगाळून बघितलंय. अर्धा तास. मनगट दुखायला लागलं, पण गंध काही निघालं नाही."

"मग?"

"अस्सल असलं की लवकर उगाळलं जात नाही."

चाचांनी मान हलवली. युक्तिवाद त्यांना आवडला असावा. त्यांनी हार काढून बाजूला ठेवला आणि सालीवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. मग सगळ्यांना जवळ बोलावलं. काहीजण आले.

"ही साल बघा. राखाडी, जाड, खरखरीत. चंदनाची साल काळपट असती, अन् अशी जाड नसती. आता हे बघा." ओंडक्याला एका फांदीचा खुंट होता, त्याच्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या खुणा होत्या. "ही पानाच्या देठाची जागा. एवढी मोठी खूण म्हंजे देठ हातभर लांब असनार. चंदनाचं पान बोटाएवढं. बोटाएवढ्या पानाला एवढा मोठा दरवाजा कशाला पाहिजे?"

तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "पण चंदनाचं बाहेरचं लाकूड पांढरं आणि बिनवासाचंच असतं. सुगंध गाभ्यात असतो, असं इथं दिलंय."

"बरोबर दिलंय," चाचा म्हणाले. "कडूबा, धर रे."

कडूबा गेटावरून आला. त्यानं ओंडका खाली फरशीवर ठेवला, त्यावर गुडघा दाबला आणि दोन्ही हातांनी धरला, वखारीत धरायचा तसाच. चाचांनी करवत लावली. पाच वर्षांत त्या दोघांनी मिळून काही कापलं नव्हतं. करवत इतकी सहज गेली की प्राध्यापक दोन पावलं मागं सरले. ओंडक्याचे दोन भाग झाले.

चाचांनी कापलेली बाजू वर केली, चहाच्या कपाशेजारच्या ग्लासातलं पाणी तिच्यावर शिंपडलं आणि वर्तुळाच्या मधोमध बोट ठेवलं.

"गाभा कुठाय, दाखवा."

सालीपासून मध्यापर्यंत एकच रंग होता. पिवळट पांढरा. आत काही लपवलेलं नव्हतं. झाड इतकं उघडं असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

चाचांनी सालीची एक ढलपी काढून तोंडात धरली आणि डोळे मिटले. दुसरी ढलपी त्यांनी वाकळ्यांपुढं केली. वाकळ्यांनी उपास सांगितला. प्राध्यापकांनी घेतली, चावली, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कडू आहे."

"कडूच असनार. महारुख हाय," चाचा म्हणाले. "काडेपेटीच्या काड्या करत्यात ना, ते लाकूड. खोकी करत्यात फळाची. हलकं, भुर्रकन जळनारं. चंदनाशी याचं काही नातं नाय. तोडलं म्हनून चोरी नाय, काही नाय."

आवडाबाई जिन्याजवळ उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. कडूबाचा गुडघा अजून उरलेल्या ओंडक्यावरच होता.

चंदन विंगच्या सभासदांच्या चेहऱ्यावर घरात मयत झाल्यासारखा भाव होता. आपण काडेपेटी विंगमध्ये राहतो, ही गोष्ट माणसाला एकदम पचत नाही.

वाकळे खरे नेते होते. ते घसा साफ करून उठले.

"रहीम साहेबांचे आपण आभार मानू. त्यांचा अनुभव मोठा आहे. पण हे त्यांचं वैयक्तिक मत झालं. आपल्याकडं पाटी आहे. नंबर आहे. अर्ज गेलेला आहे." त्यांनी एक कागद काढला. "मी एक ठराव मांडतो. आवारातील क्रमांक ४१२ हा वृक्ष चंदनाचाच होता, असं ही सभा एकमतानं नोंदवते."

"सूचक तुम्ही. अनुमोदक?" कुणीतरी विचारलं.

"मी," मोनिका वाकळे म्हणाल्या. मनगट दुखत असलेला हात त्यांनी वर केला.

हात वर झाले. एकोणीस चंदनाच्या बाजूनं. विरोधात कुणी नाही. प्राध्यापक म्हणाले, की झाडाची जात अशी बहुमतानं ठरत नसते, आणि तटस्थ राहिले. त्यांच्या तोंडाची चव अजून गेली नव्हती. आणखी चौघेजण फोनवर होते, तेही तटस्थ धरले गेले. दहा मिनिटांपूर्वी जे झाड महारुख होतं, ते रीतसर चंदन झालं. दुसऱ्यांदा.

"मग पोलिस?" चाचांनी विचारलं. त्यांनी उजवा कान पुढं केला होता.

"नाही नाही," वाकळे म्हणाले. "आम्ही माणसं आहोत. कडूबानं अजाणतेपणी चंदन तोडलं, त्याला पश्चात्ताप झाला, सोसायटीनं मोठ्या मनानं माफ केलं. तसं समितीला कळवू. उरलेलं खोड काचेच्या पेटीत ठेवू. समितीला हे आवडतं. नुसतं झाड सगळ्यांकडं असतं. कडूबा, इकडं ये, इथं सही कर."

"साहेब," कडूबा म्हणाला, "तुमीच तर म्हनले व्हते, तोडून टाक."

"मी फांदी म्हणालो होतो."

"अन् चाचा म्हनत्यात ते महारुख हाय."

"महारुख असेल तर उत्तमच," वाकळे शांतपणे म्हणाले. "मग तुझा गुन्हाच नाही. मग माफी कशाची? पण मग तू सोसायटीची बदनामी केलीस, बाहेरचा माणूस आणून पुरस्कार घालवलास. तसा वॉचमन आम्हाला नको. पंधरा तारखेला खोली मोकळी कर. चंदन असेल, तर तू आमचाच माणूस. विचार करून सांग. घाई नाही. पण सभा साडेअकराला संपवायची आहे."

कडूबानं आवडाबाईकडं पाहिलं. आवडाबाईनं पत्र्याच्या खोलीकडं पाहिलं. खोलीच्या दारात तनुजा पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि शाळा इथून चालत पंधरा मिनिटांवर.

"करा सही," आवडाबाई म्हणाली.

कडूबा टेबलाशी आला. पेन घेतलं. चाचांकडं त्यानं बघितलं नाही, ओंडक्याकडंही नाही.

"तोंडानं पण बोल," वाकळे म्हणाले. "इतिवृत्तात घ्यायचंय."

"व्हय," कडूबा म्हणाला. "चंदनच व्हतं."

"वास यायचा ना?"

कडूबानं सहीखाली रेघ ओढली.

"लई यायचा," तो म्हणाला. "पानी तापवतानासुदिक."

टाळ्या वाजल्या. ठराव पूर्ण झाला. मोनिकाताईंनी ओंडक्याचे दोन भाग जुळवून ठेवले आणि कापलेला भाग दिसू नये म्हणून हार तिथं बसवला. उदबत्ती पुन्हा लावली. कुणीतरी चहाचा दुसरा ट्रे आणला. तो पहिल्या रांगेतून निघाला, चाचांच्या खुर्चीला वळसा घालून मागच्या रांगेत गेला.

चाचांनी करवत उचलली. टेबलाखाली सालीची एक ढलपी पडली होती, ती वाकून घेतली, कुडत्याच्या खिशात टाकली. चपला शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

गेटाशी कडूबा त्यांच्या आधी पोचला होता. त्यानं गेट उघडलं आणि सवयीनं रजिस्टर पुढं केलं. जाण्याची वेळ, सही. दोन्ही रकाने कोरे होते. त्याच्या हातात अजून तेच पेन होतं.

"चाचा," तो म्हणाला. "चाचा, तुमी समजून..."

तो चाचांच्या डाव्या बाजूला उभा होता. चाचांनी मान वळवली नाही. रजिस्टरला वळसा घालून ते गेटातून बाहेर पडले.